घर विकणे आहे. पण ते दिसते कुठे?

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात इस्लापूर आहे आणि सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात इस्लामपूर. एक गाव मराठवाड्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगतच्या तालुक्यात; दुसरे पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या पट्ट्यात. नावांत फरक आहे तो केवळ एका ‘म’चा. सांगलीकडच्या गावाचे नाव बदलून ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला असला, तरी जुने नाव लोकांच्या तोंडून आणि इंटरनेटवरून इतक्या लवकर पुसले जाणार नाही. पुण्यात किंवा हैदराबादेत बसून गावाकडे घर अथवा प्लॉट शोधणाऱ्याने संगणकावर घाईघाईत नाव टंकले, तर त्याला नांदेडऐवजी सांगलीच्या जागा दिसण्याचा संभव असतो. इस्लापूरच्या घरमालकाची जाहिरात त्याच वेळी कोठेतरी पडून असते. ती खोटी नसते किंवा महागही नसते. ती केवळ दिसत नाही.

मराठवाड्यातील लहान गावे आणि तालुक्याची ठिकाणे येथील मालमत्तांची आजची मोठी अडचण हीच आहे. नांदेड, लातूर, परभणी भागातून शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने बाहेर पडलेली पिढी पुणे, मुंबई, हैदराबाद येथे स्थिरावली. गावाकडचे घर विकणारेही तेच आणि अनेकदा घेणारेही तेच. पूर्वी हा व्यवहार पारावर, बाजाराच्या दिवशी किंवा गावातल्या मध्यस्थामार्फत होत असे. आता खरेदीदार पहिला शोध मोबाइलवर घेतो. आजारपण, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण यांसाठी ज्याला घर विकावे लागते, त्याच्याकडे वाट पाहण्यास वेळ नसतो. त्याची जाहिरात दहा जणांनाच दिसली, तर त्या दहांपैकी जो पहिला भाव सांगेल, त्यावर समाधान मानण्याची पाळी त्याच्यावर येते.

छोट्या जाहिरातीची सवय

वृत्तपत्रांतील छोट्या जाहिराती शब्दांवर किंवा ओळींवर पैसे मोजून दिल्या जात. त्यामुळे ‘प्लॉट विकणे आहे. मोक्याची जागा. त्वरित संपर्क’ अशी काटकसरीची भाषा रूढ झाली. कागदावर ती योग्यही होती. कारण ते पान नांदेडच्याच वाचकाच्या हाती पडत असे आणि ‘मोक्याची’ म्हणजे कोठली, हे तो एका फोनवर विचारून घेई. घरांच्या जाहिरातींची मोठी संकेतस्थळे भारतात २००५ नंतरच्या काळात उभी राहिली. ‘नाइन्टीनाइन एकर्स’ २००५ मध्ये, ‘मॅजिकब्रिक्स’ २००६ मध्ये आणि मुंबईतून ‘हाउसिंग डॉट कॉम’ २०१२ मध्ये सुरू झाले. माध्यम बदलले, सवय मात्र बदलली नाही. इंटरनेटवर प्रत्येक शब्दाला पैसे पडत नाहीत, तरीही जाहिराती तीन ओळींच्याच राहिल्या.

येथे शोधयंत्राचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. ते जाहिरात वाचून तिचा आशय ताडण्याचा प्रयत्न करते खरे. पण जे लिहिलेलेच नाही, ते त्याला कळू शकत नाही. ‘मोक्याची जागा’ असे कोणी शोधत नाही. ‘किनवट रोड इस्लापूर प्लॉट’, ‘नांदेड तरोडा दोन बेडरूम’, ‘लातूर औसा रोड घर’ असे शोधले जाते. तेव्हा रस्ता, पेठ, नगर, जवळची शाळा किंवा बसस्थानक, तालुका, जिल्हा आणि पिन कोड हे सारे जाहिरातीच्या मजकुरात उघडपणे लिहिलेले असले पाहिजे.

मजकूर अक्षरांच्या रूपातच असावा, हेही तितकेच महत्त्वाचे. मराठी संकेतस्थळांच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येकाचा फाँट निराळा असे. युनिकोड रुळण्यापूर्वीचा तो मजकूर पडद्यावर मराठी दिसे, पण शोधयंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरे असत. तो प्रश्न सुटला आणि दुसऱ्या रूपाने परत आला. आज बहुतेक विक्रेते एक रंगीत चित्र तयार करून घेतात. त्यातच भाव, क्षेत्रफळ, पत्ता आणि फोन क्रमांक लिहितात आणि ते चित्र व्हॉट्सअॅपच्या गटांतून फिरवतात. गटातल्या संदेशापर्यंत बाहेरचा शोध पोहोचत नाही आणि चित्रातील अक्षरे हाती लागतील याचा भरवसा नसतो. चार दिवसांत ते चित्र सुप्रभातच्या संदेशांखाली गाडले जाते. चित्र फिरवण्यास हरकत नाही. पण तोच मजकूर टंकलेल्या स्वरूपात एखाद्या खुल्या संकेतस्थळावर असावा आणि गटात त्याचा दुवा द्यावा.

नावांचा घोळ

इस्लापूर हे नाव रोमन लिपीत किमान दोन-तीन प्रकारे लिहिता येते. किनवटच्या शेवटून दुसऱ्या व्यंजनासाठी कोणी एक रोमन अक्षर वापरतो, तर कोणी दुसरे. मराठीतही ‘पूर’चा ऊकार कधी ऱ्हस्व होतो, कधी दीर्घ. खरेदीदार यांपैकी कोणते रूप टंकेल, याचा नेम नाही. म्हणून गावाचे नाव शीर्षकात एकदा देवनागरीत, एकदा रोमन लिपीत आणि वर्णनात त्याचे दुसरे प्रचलित रूप असे लिहिणे हिताचे ठरते. एकच नाव वीस वेळा कोंबून लिहिण्याने मात्र काही साधत नाही. अशी जाहिरात वाचणाऱ्याला संशयास्पद वाटते आणि संकेतस्थळेही तिला मागे टाकतात.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. शेजारच्या अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. सरकारी नोंदींत नवे नाव, जुन्या खरेदीखतात जुने नाव, आणि शोधणाऱ्याच्या बोटांवर कोणते असेल ते सांगता येत नाही. या जिल्ह्यांतील जाहिरातीत नवे नाव ठळकपणे आणि जुने नाव मजकुरात, असे दोन्ही दिले तरच दोन्ही वाटांनी येणारा खरेदीदार तेथे पोहोचतो.

संकेतस्थळांवर ठिकाण निवडण्यासाठी जी यादी उघडते, तिच्यात शहरांचे उपनगरांपर्यंत तपशील असतात. तालुक्याखालचे गाव पुष्कळदा नसते. तेथे जाहिरातदार कंटाळून ‘नांदेड’ निवडतो आणि पुढे जातो. मग नांदेड शहरात सदनिका शोधणाऱ्याला इस्लापूरचा प्लॉट दिसतो, तो चिडून पान बंद करतो. आणि ज्याला इस्लापुरातच जागा हवी आहे, त्याला ती दिसतच नाही. अशा वेळी यादीतील सर्वांत जवळचे ठिकाण निवडून शीर्षकातच गाव व तालुका स्पष्ट करावा आणि नकाशावरची खूण नेमक्या जागी टेकवावी. ‘सहस्रकुंड धबधब्याच्या मार्गावर’ यासारखी ओळखीची खूण येथे उपयोगी पडते; पैनगंगेवरील तो धबधबा बाहेरच्या लोकांनाही ठाऊक आहे. परंतु खूण खरी हवी. दहा किलोमीटरवरच्या जागेला ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणणाऱ्या जाहिरातींनी लोकांचा विश्वास पुरेसा उडवला आहे.

गुंठा, आर आणि गज

संकेतस्थळावर येणारा माणूस प्रथम चाळणी लावतो: अमुक रकमेच्या आत, अमुक क्षेत्रफळाच्या वर, इतक्या खोल्या. ज्या जाहिरातीत भावाचा रकाना रिकामा आहे किंवा ‘किंमत फोनवर’ म्हणून भलताच आकडा टाकलेला आहे, ती पहिल्याच चाळणीत गळते. भाव सांगितला तर घासाघीस करता येणार नाही, अशी विक्रेत्यांची भीती असते. ती अनाठायी आहे. अपेक्षित रक्कम लिहून ‘बोलणी शक्य’ असे नमूद करता येते. भाव ठरवताना नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता पाहावा. त्यातील दर हा बाजारभाव नव्हे; पण मुद्रांक शुल्काचा हिशेब त्याच्या आधाराने होत असल्याने जाणता खरेदीदार तो पाहूनच येतो.

क्षेत्रफळाच्या बाबतीत सीमाभागाची स्वतःची गंमत आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते, गावात माणसे गुंठ्यात बोलतात, संकेतस्थळ चौरस फूट मागते आणि तेलंगणातून आलेला खरेदीदार गजात विचारतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात १२१ चौरस गज. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. म्हणजे आर आणि गुंठा जवळजवळ सारखे असले तरी एक नव्हेत. तीस बाय चाळीसचा प्लॉट १,२०० चौरस फुटांचा, म्हणजे १३३ गजांहून किंचित अधिक. अधिकृत रकान्यात चौरस फूट भरून वर्णनात गुंठा व गज यांचे आकडे दिले, तर तिन्ही प्रकारच्या खरेदीदारांना हिशेब करीत बसावे लागत नाही. सदनिका असेल तर चटई क्षेत्र लिहावे. रेरा कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्या दिलेली आहे. ‘सुपर बिल्टअप’चा फुगवलेला आकडा चाळणीत पुढे नेतो, पण घर पाहायला आलेला माणूस टेप लावून परत जातो.

पाण्याची ओळ

शहरी जाहिरातींचा साचा जलतरण तलाव, व्यायामशाळा असे रकाने पुढे करतो. मराठवाड्यातील खरेदीदाराचा पहिला प्रश्न वेगळा असतो: पाणी कसे आहे? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही आठवण या भागात अजून ताजी आहे. नळाला किती दिवसांआड पाणी येते, बोअर किती फुटांवर आहे, उन्हाळ्यात तो टिकतो काय, हौद केवढा आहे, या चार गोष्टी लिहिल्या तर त्या दहा विशेषणांपेक्षा अधिक काम करतात. गोदावरी किंवा पैनगंगेच्या काठच्या जागेबाबत पूररेषेचा उल्लेख करावा. आज ना उद्या तो प्रश्न निघणारच. तो आधीच मिटवणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास बसतो.

बांधकामाचेही तसेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर-धाराशिव भागात घराकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. दगड-मातीचे जाड भिंतींचे माळवद आहे, पत्र्याचे छत आहे की आरसीसी बांधकाम आहे, बांधकामाचे वर्ष कोणते, हे स्पष्ट लिहावे. जुने माळवद लपवण्याचे कारण नाही. कोणी ते पाडून नवे बांधण्यासाठी घेतो, तर कोणाला जुना वाडाच हवा असतो. दोघांनाही ते आधी कळणे सोयीचे असते.

छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, मोबाइल आडवा धरून, खोलीच्या कोपऱ्यातून काढावीत. पहिले छायाचित्र समोरच्या बाजूचे, रस्त्यासह असावे. यादीत तेवढेच दिसते. प्लॉटच्या बाबतीत नुसती मोकळी जमीन दाखवून काहीच समजत नाही. चतुःसीमा, रस्त्याची रुंदी आणि विजेचा खांब दिसेल असे चित्र घ्यावे.

कागदपत्रे: जाहिरातीचा कणा

दिसणे हे अर्धे काम झाले. पाहणारा फोन करील की पुढे सरकेल, हे कागदपत्रांच्या उल्लेखावर ठरते. आणि किनवटसारख्या तालुक्यात तर जमीन विकता येते की नाही, हेच त्यावर ठरते.

गावठाणातील घरांचे पुष्कळ व्यवहार ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ च्या उताऱ्यावर चालतात. हा उतारा मुळात कर आकारणीसाठी आहे. मालकी हक्काचा तो निर्णायक पुरावा नव्हे, आणि कर्ज देताना बँका त्याहून अधिक कागद मागतात. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने सुरू केलेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, देण्यात येते. ज्या गावी हे पत्रक मिळाले आहे, तेथील विक्रेत्याने ‘मालमत्ता पत्रक उपलब्ध’ एवढे तीन शब्द शीर्षकाच्या जवळ लिहावेत. शहरात राहणारा, गृहकर्ज काढू पाहणारा खरेदीदार याच शब्दांपाशी थांबतो.

शेतजमिनीची गोष्ट अधिक नाजूक आहे. महाराष्ट्रात ती साधारणतः शेतकरीच विकत घेऊ शकतो. त्यामुळे ‘फार्महाऊससाठी उत्तम’ म्हणून पुण्याच्या बिगरशेतकरी नोकरदाराला आकर्षित करण्यात दोघांचाही वेळ वाया जातो. जमीन अकृषिक झाली आहे काय, आदेशाचा क्रमांक व दिनांक काय, हे लिहावे. तुकडेबंदी कायद्याच्या अंमलबजावणीत २०२१ पासून परिपत्रके, न्यायालयीन निर्णय आणि दुरुस्त्या यांमुळे अनेक वळणे आली. एक-दोन गुंठ्यांची जाहिरात देण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला नियम दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घेणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

किनवट तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ अन्वये कडक निर्बंध आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय आणि शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय अशी विक्री होत नाही. ही तरतूद जमिनी हातोहात निघून जाण्याचा कटू अनुभव आल्यानंतर, १९७४ मध्ये अधिक कठोर करण्यात आली. अशी जमीन ‘स्वस्तात’ म्हणून इंटरनेटवर झळकली, तर ती संधी नसून सापळा असतो. कारण व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल, तर त्याचे कारण जाहिरातदारानेच सांगावे. मराठवाड्यात निजामकाळापासूनच्या खिदमतमाश, मदतमाश यांसारख्या इनाम जमिनींचाही प्रश्न आहे. इतर विभागांतील खरेदीदारास हे शब्दही परिचित नसतात.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून महाभूमीच्या संकेतस्थळावरून मिळतो. नोंदणी विभागाच्या ‘ई-सर्च’ सेवेत पूर्वीच्या दस्तांची सूची क्रमांक दोन पाहता येते. जाहिरातीत गट क्रमांक दिला, तर खरेदीदार हे सारे घरबसल्या तपासू शकतो. मात्र आधार कार्ड, संपूर्ण खरेदीखत, सह्या आणि अंगठ्यांचे ठसे असलेली पाने सर्वांसमोर टाकू नयेत. ती समोरासमोर दाखवावीत.

बांधकाम व्यावसायिकांसाठी महारेरा

नांदेड किंवा लातूर शहरात इमारत अथवा भूखंड प्रकल्प उभारणाऱ्याला जाहिरातीचे स्वातंत्र्य मर्यादित आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील नोंदणीची तरतूद १ मे २०१७ पासून लागू झाली. जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सर्व टप्पे मिळून सदनिका आठांपेक्षा अधिक नसतील, तर सक्ती नाही. अन्यथा महारेरा नोंदणीवाचून जाहिरातही करता येत नाही. समाजमाध्यमावरची चित्रफीतही जाहिरातच ठरते. नोंदणी न केल्यास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणे महारेराने बंधनकारक केले आणि एप्रिल २०२५ च्या आदेशाने नोंदणी क्रमांक, संकेतस्थळाचा पत्ता व कोड ठळक, वाचता येतील अशा आकारात असावेत, हे स्पष्ट केले. या नियमांच्या भंगासाठी राज्यात २०२४ पर्यंत सहाशेहून अधिक प्रकल्पांवर कारवाई झाली होती.

अनेक व्यावसायिक याकडे कटकट म्हणून पाहतात. प्रत्यक्षात दूर राहणाऱ्या खरेदीदाराला तो कोड हीच एकमेव खात्री असते. तो स्कॅन करताच मंजूर नकाशे, पूर्णत्वाची तारीख, प्रकल्पाविरुद्धच्या तक्रारी समोर येतात. स्वतःचे एकच घर विकणाऱ्या मालकाला मात्र महारेरा नोंदणीची आवश्यकता नाही. तसे कोणी सांगून पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

फोन आल्यावर

जाहिरात दिसू लागली की खऱ्या ग्राहकांबरोबर ठकही येतात. एक जुना प्रकार अजून चालतो. फोन करणारा स्वतःला लष्करातील जवान म्हणवतो, घर न पाहताच पसंत असल्याचे सांगतो आणि ‘बयाणा पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणतो. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जाहिरातीत घरचा नेहमीचा क्रमांक देण्याऐवजी वेगळे सिम घेतलेले बरे.

खऱ्या ग्राहकाचा फोन मात्र चुकवू नये. संध्याकाळनंतर आणि रविवारी, म्हणजे नोकरदारांच्या सवडीच्या वेळेला, घराची माहिती असलेल्या माणसानेच फोन उचलावा. वारसांपैकी तिघे तीन ठिकाणी असतील आणि प्रत्येकाने निराळ्या भावाची जाहिरात दिली असेल, तर ग्राहक तिन्ही पाहतो आणि घरात वाद आहे असे समजून दूर होतो. वारसांची नोंद, फेरफार आणि विक्रीला सर्वांची संमती हे आधी उरकून मग एकच जाहिरात द्यावी.

बहुतेक संकेतस्थळांवर ताज्या जाहिराती वर येतात. पैसे भरून वरची जागा घेता येते. पण मजकूर अपुरा असेल तर वरची जागा मिळूनही फोन येत नाहीत. दर पंधरा दिवसांनी भाव आणि छायाचित्रे पाहून जाहिरात अद्ययावत करावी. बयाणा झाल्यावर ‘बोलणी सुरू’ असे लिहावे आणि खरेदीखताची नोंदणी झाली की त्याच दिवशी ती काढून टाकावी. विकल्या गेलेल्या घरांच्या जुन्या जाहिराती तशाच राहिल्यामुळे गावचे खोटे भाव वर्षानुवर्षे फिरत राहतात, आणि शेजारच्या घराचा मालक त्याच भावावर अडून बसतो.